प्रति किमी दराची बस निविदा: कमी दर भरणाऱ्यालाच काम दिलं तर कुठे बिघडतं?

प्रश्न
शहर बससेवा ठेक्याने द्यायची आहे. तिकिटाचं उत्पन्न ठेकेदारालाच ठेवू द्यावं, की ते प्राधिकरणाने घेऊन प्रति किमी दर द्यावा? दुसऱ्या पद्धतीत सर्वांत कमी दराची निविदा घेतली तर पुढे काय अडचणी येतात?

प्रतिसाद १
उत्पन्न ठेकेदाराकडे गेलं की भरलेल्या मार्गांवर गाड्यांची झुंबड उडते आणि रात्रीच्या फेऱ्या बंद पडतात. ब्रिटनमध्ये २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेर मार्ग कोणत्याही बस कंपनीला खुले केले, लंडनमध्ये मात्र मार्गनिहाय निविदा निघत राहिल्या. ग्रेटर मँचेस्टरने २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने मार्ग, भाडं आणि वेळापत्रक पुन्हा आपल्या हाती घेतलं. गाड्या खासगी कंपन्याच चालवतात. माझं मत प्रति किमी दराच्याच बाजूने आहे.

प्रतिसाद २
सहमत, पण नुसते किमी मोजलेत तर किमीच मिळतील, सेवा नाही. दर १० मिनिटांनी बस असेल तर प्रवासी सरासरी ५ मिनिटं थांबतो. त्याच बस आलटून पालटून २ आणि १८ मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी थांबणं ८.२ मिनिटांवर जातं, कारण लांबलेल्या अंतरात जास्त माणसं थांब्यावर येतात. किमी तेवढेच, बिल तेवढंच! म्हणून दाट फेऱ्यांच्या मार्गावर ही जादाची ३.२ मिनिटं जीपीएसवरून मोजून त्यावर दंड आणि बक्षीस ठेवा. मात्र रस्ता खोदल्यामुळे झालेला उशीर ठेकेदाराच्या माथी मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो धोका धरूनच दर भरेल.

प्रतिसाद ३
कमी दराची निविदा बहुधा भाववाढीच्या कलमावर फसते. समजा दरात इंधनाचा वाटा २५ टक्के, पगाराचा ४०. इंधन २० टक्क्यांनी महागलं तर एकूण खर्च ५ टक्क्यांनी वाढतो. तेवढा दर वाढवून मिळाला नाही तर पहिली काटछाट टायर, ब्रेक लायनर आणि चालकांच्या पगारात होते. भाववाढ कोणत्या निर्देशांकावरून (किमतींच्या सरकारी आकड्यावरून) मोजायची, प्रत्येक घटकाचा वाटा आणि दर किती महिन्यांनी सुधारायचा, हे निविदेतच लिहा.

डेड किमीचंही स्पष्ट करा. गाडी दिवसाला २०० किमी धावते आणि त्यातले २४ किमी डेपो ते पहिला थांबा असे रिकामे असतील, तर पैसे १७६ चे की २०० चे?

प्रश्नकर्ता
डेपो ठेकेदारानेच आणावा, अशी अट घातली तर?

प्रतिसाद ३
ती अट नका घालू. शहरात ज्याच्याकडे आधीच जागा आहे तोच बोली लावेल, आणि मुदत संपल्यावरही त्याच्याशिवाय पर्याय उरणार नाही. सिंगापूरने २०१६ पासून डेपो आणि बस सरकारी मालकीच्या ठेवून फक्त चालवण्याचं कंत्राट दिलं: पाच वर्षं, काम चांगलं असेल तर आणखी दोन. गाड्या घेणं जमत नसेल तर निदान जमीन, वर्कशॉपचे पिट (गाडीखाली उतरून दुरुस्ती करायचे खड्डे) आणि चार्जिंगची वीजजोडणी तरी प्राधिकरणाच्या नावावर असू द्या.