प्रति: थुंकीत बुरशी निघाली म्हणजे?

वर एकांनी विचारलंय की वडिलांच्या थुंकीच्या रिपोर्टात 'कँडिडा' आलंय, तर फुप्फुसात बुरशी झाली का? बहुतेक वेळा नाही. कँडिडा तोंडात-घशात असतेच, थुंकीबरोबर तीही डबीत येते. कँडिडाचा न्यूमोनिया फारच विरळा. नुसत्या त्या ओळीवर गोळ्या सुरू करू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचं मात्र वेगळं. माझ्या मामांना पूर्वी टीबी होऊन गेलेला. बारा वर्षांनी पुन्हा खोकला, वजन उतरलं, थुंकीत रक्त. एक्स-रे बघून 'टीबी उलटला' म्हणत परत तोच कोर्स, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह असूनही! चार महिने फुकट गेले. शेवटी सीटी काढला, तर वरच्या भागातल्या जुन्या पोकळीत एक गोळा आणि त्याच्या कडेने हवेची चंद्रकोर. पालथं झोपवून पुन्हा काढला, तेव्हा गोळा घरंगळून दुसऱ्या बाजूला. (खुळखुळ्यातला खडा, इति मामा.) मग रक्तातली अ‍ॅस्परजिलसची आयजीजी (शरीर त्या बुरशीविरुद्ध बनवतं ती अँटिबॉडी) तपासली, ती भरपूर वाढलेली, म्हणजे गोळा या बुरशीचाच. थुंकीच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नव्हतं, त्यामुळे कल्चर निगेटिव्ह म्हणून निर्धास्त होऊ नये.

दमेकऱ्यांत बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर आधी आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटिबॉडी) बघतात, एकूण आणि अ‍ॅस्परजिलस फ्यूमिगेटसची वेगळी. खोकल्यातून तपकिरी, चिकट गुठळ्या पडत असतील तर ते आपणहून सांगा, घाईच्या ओपीडीत कोणी विचारेलच असं नाही.