१ लाख १० हजारांची जुनी वॅगनआर, वर ४० हजारांचं काम : घ्यावी का?

मानेवाडाकर :
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. २०१२ ची वॅगनआर पाहिली. पेट्रोल, एमएच ३१ म्हणजे आपल्या नागपूरचंच पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ८८ हजार. मालक १ लाख १० हजार म्हणतो. ओळखीच्या मिस्त्रीने फिरवून पाहिली. एसीचा कॉम्प्रेसर गेलाय, क्लच जड झालाय, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून टकटक येते (ड्राइव्ह शाफ्ट असावा म्हणतो) आणि दोन टायर बदलावेच लागतील. सगळं मिळून ४० हजार धरून चला, असा त्याचा अंदाज. इंजिन चांगलं आहे, हे मात्र त्याने दोनदा सांगितलं.

गरज अशी की आईला गुडघ्यांसाठी आठवड्यातून तीनदा धंतोलीला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. मे महिन्यात तिला स्कूटरवर मागे बसवून नेणं आता शक्य नाही. गावाबाहेर गाडी काढायची नाही, फार तर रामटेक. कर्ज काढायचं नाही. हाताशी दीड लाख आहेत. घरात दोन पक्ष पडलेत : बायको म्हणते घेऊन टाका, मोठा भाऊ म्हणतो भंगार दारात आणू नको. तुमचं काय मत?

हिशोबी :
मोठ्या भावाचं ऐका. १ लाख १० हजार अधिक ४० हजार म्हणजे दीड लाख, आणि तुमच्याजवळ दीडच आहेत. म्हणजे गाडी दारात आली त्या दिवशी खिसा रिकामा. नावावर करायचा खर्च, इन्शुरन्स, पहिली टाकी पेट्रोल, हे कुठून आणणार? शिवाय मिस्त्रीचा अंदाज जे दिसतं त्याचा असतो. जे दिसत नाही ते गाडी खोलल्यावर निघतं, आणि तेव्हा गाडी तुमची झालेली असते.

कॅबचा हिशोब करून पहा. मानेवाडा ते धंतोली जाऊन-येऊन ३०० रुपये धरा, महिन्यात १३ फेऱ्या. ३,९०० झाले. वर्षाचे ४६,८००. दीड लाखात सव्वातीन वर्षं आई आरामात जाईल-येईल, आणि पार्किंग, पंक्चर, बॅटरी, पीयूसी यातलं काहीही तुमच्या डोक्याला नाही. धंतोलीत दवाखान्यांसमोर गाडी लावायला जागा मिळते का, हेही एकदा मनाला विचारा.

ठेचा_भाकर :
हिशोबी भाऊ, तुमचा हिशोब कागदावर बरोबर हाये. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता कॅब बोलावून पहा जी एकदा. आधी फोन येते, ‘कुठं जायचं? कॅश का ऑनलाइन?’ मंग पाच मिनिटानं कॅन्सल. दुसरी येते त एसी लावाले सांगितलं की तोंड वाकडं करते. तवर म्हातारी बाई ४५ डिग्रीत गेटपाशी उभी. ३०० रुपयात हे नाही मोजलं तुम्ही.

अन् गाडी काय फक्त फिजिओले जाईन का? लग्न हाये, रात्री-बेरात्री दवाखाना हाये, पोराची परीक्षा हाये. गाडी घरी असली की माणूस निंगते. नसली की ‘जाऊ दे, उद्या पाहू’ म्हणते.

धरमपेठी :
या भानगडीत पडायचंच कशाला? सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. बेसिक मॉडेल नवीन घ्या, दीड लाख डाऊन पेमेंट भरा आणि बाकीचे हप्ते. वॉरंटी मिळते, झोप लागते.

मानेवाडाकर :
@धरमपेठी, कर्ज नको हे आधीच लिहिलंय. प्रायव्हेट नोकरी आहे. हप्ता डोक्यावर असला की मला झोप लागत नाही.

रेंच_पाना :
सदरला २० वर्षांच्या वर गॅरेजमध्ये काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या गाडीत काम निघणारच. विचारायचं ते इतकंच की ते काम एकदा करून संपणारं आहे की नाही. तुम्ही जी यादी दिली ती बहुतेक संपणाऱ्या कामांची आहे. ड्राइव्ह शाफ्ट बदलला, टकटक गेली, विषय संपला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट एकदा टाकला की तुमच्या रनिंगमध्ये वर्षानुवर्षं पाहावं लागणार नाही. या गाडीचे पार्ट गल्लीबोळात मिळतात, ओरिजिनलही आणि लोकलही. हीच यादी घेऊन तुम्ही शेव्हरोलेबद्दल विचारलं असतं तर मी हात जोडले असते. ती कंपनी २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकायची थांबली, पार्टसाठी वणवण होते. २०१० नंतरच्या पेट्रोल वॅगनआरला टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्चही नाही.

पण एसीच्या बाबतीत तुमच्या मिस्त्रीने अर्धंच सांगितलं. कॉम्प्रेसर आतून जाम होऊन गेला असेल तर त्याचा बारीक कीस पूर्ण लाइनीत फिरतो. मग कंडेन्सर काढून फ्लश करा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदला, ड्रायर बदला. नुसता कॉम्प्रेसर टाकून गॅस भरून दिला तर उन्हाळा निघायच्या आत नवा कॉम्प्रेसरही जातो. रिकंडिशन कॉम्प्रेसर तर आपल्या इथल्या उन्हात घेऊच नका. एकट्या एसीचे २५ हजार धरा, म्हणजे तुमचे ४० चे ५५ झाले. कॉम्प्रेसर जाम आहे की फक्त त्याचा मॅग्नेटिक क्लच जळालाय, हे आधी बघून घ्या. एसीचा हा क्लचच गेला असेल तर खर्च बराच खाली येतो.

‘इंजिन चांगलं आहे’ हे त्याने कशावरून सांगितलं? गाडी गरम असताना पाहिली असेल तर त्या सांगण्याला अर्थ नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्वतः सुरू करा. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला तर ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून धूर भकाभका वर आला तर पिस्टन रिंग गेल्या, बोअरचं काम आलं. झाकणाच्या आतून दुधाच्या चहासारखा थर दिसला तर कूलंट ऑइलमध्ये शिरत असू शकतं, हेड गॅस्केट बघावं लागेल. मग गाडी २० मिनिटं जागेवर चालू राहू द्या. रेडिएटरचा फॅन आपोआप सुरू व्हायला पाहिजे आणि तापमानाचा काटा मध्यावर थांबला पाहिजे. उन्हाळ्यात सिग्नलला ज्या गाड्या वाफ सोडत उभ्या दिसतात, त्यांच्या मालकांनी हे पाहिलेलं नसतं.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. असा टायर नक्षी शाबूत दिसली तरी बाद धरा. आणि बाकीचे दोन ‘चालतील’ म्हटलंय, ते कोणत्या सालचे आहेत?

हिशोबी :
बघा, अजून गाडी घेतली नाही आणि ४० चे ५५ झाले.

रेंच_पाना :
झाले ना. म्हणून तर भाव पाडता येतो. तेवढे पैसे मालकाच्या किमतीतून कमी करायचे, आपल्या खिशातून नाही घालायचे.

गिरीपेठ_फेऱ्या :
सगळे नटबोल्ट बघताहेत, कागदाकडे कोणी पाहत नाही. १५ वर्षं कधी पूर्ण होतात? २०१२ ची म्हणजे २०२७ ला आरसीची मुदत संपते. मग गिरीपेठच्या आरटीओत गाडी नेऊन तपासणी, री-रजिस्ट्रेशनचे ५,००० आणि पर्यावरण कर वेगळा. तपासणीत नापास झाली तर पुन्हा काम करून आणा. हा खर्च दारातच उभा आहे आणि मालकाला तो पक्का माहीत आहे. इतक्या स्वस्तात कोणी उगाच देत नाही.

आत्ताच्या आत्ता बघायचं ते : परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून चलान किती थकलेत, जुन्या कर्जापोटी बँकेचा बोजा गाडीवर अजून चढलेला आहे का, इन्शुरन्स जिवंत आहे का. २०१९ च्या आधीची गाडी आहे, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते. त्याचे ७४५ आणि वर जीएसटी. बसवलेली नसेल तर मालकालाच बसवायला लावा. इंजिन १००० सीसीच्या आतलं आहे, नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स २०२२ च्या दराने वर्षाला २,०९४ अधिक जीएसटी. एवढ्या जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स काढायचा की नाही हा वेगळा वाद, त्यात मी पडत नाही.

आणि मालकालाही सांगा, गाडी तुमच्या नावावर होण्यातच त्याचंही भलं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गाडी कितीही हात बदलो, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच.

नागनदीकाठी :
एक प्रश्न. ही गाडी २३ सप्टेंबर २०२३ ला कुठे होती?

मानेवाडाकर :
@नागनदीकाठी, मालक डागा लेआउटचे आहेत. आता तुम्ही काय म्हणणार ते कळलं.

हिशोबी :
विषय संपला. धागा बंद करा.

नागनदीकाठी :
बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. त्या पहाटे काही तासांत धो-धो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीच्या सखल भागापर्यंत पाणी शिरलं. लोक झोपेत होते. खाली लावलेल्या गाड्या काढायला सवड कुठे होती? त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असणार. बुडालेली गाडी सुरुवातीला छान चालते, मग एक-एक वायर सडत जाते. आज काच खाली होत नाही, उद्या मीटर बंद, परवा गाडी चालता-चालता मध्येच बंद. रेंच_पाना भाऊंच्या भाषेत सांगायचं तर न संपणारं काम ते हेच.

ठेचा_भाकर :
हो, पण डागा लेआउटमधल्या सगळ्याच गाड्या काही बुडल्या नव्हत्या ना बाप्पा. गल्लीचा चढ-उतार असते, कोणाचा ओटा उंच असते. पत्त्यावरून गाडीले फाशी नका देऊ.

रेंच_पाना :
दोघांचंही बरोबर आहे, आणि हे तपासता येतं. सीट बेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, शेवटपर्यंत. बाहेरचा भाग सगळे धुतात, गुंडाळलेला आतला भाग कोणी धूत नाही. तिथे मातीची रेघ किंवा डाग दिसला तर गाडीत पाणी कुठवर होतं तेच कळतं. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, सीटच्या रेलचे बोल्ट बघा. छताखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ते गंजायचं कारण नाही. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरचे कनेक्टर बघा, तांब्यावर हिरवं चढलेलं असेल तर हात जोडून परत या. भाव कितीही पडो.

गिरीपेठ_फेऱ्या :
कागदावरूनही कळतं. २०२३ च्या पुराच्या आधीची आणि नंतरची पॉलिसी मागा. फुल इन्शुरन्स असेल आणि आधी नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सूट) ३५ किंवा ४५ टक्के असताना नंतरच्या पॉलिसीत शून्य झाला असेल, तर मधल्या वर्षात क्लेम घेतला असण्याची दाट शक्यता. नुसती थर्ड पार्टी असेल तर मात्र यावरून काही कळणार नाही.

मानेवाडाकर :
मालकाशी आत्ताच बोललो. म्हणतात, तेव्हा मुलीकडे अमरावतीला होतो, गाडीही तिकडेच होती. चांगला माणूस वाटतो, रिटायर्ड मास्तर आहेत.

हिशोबी :
प्रत्येक जुन्या गाडीचा मालक चांगलाच माणूस असतो आणि पुराच्या दिवशी अमरावतीलाच असतो. अमरावतीच्या रस्त्यावर टोल आहे ना? मग सप्टेंबर २०२३ चं फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. मास्तरांना राग आला तर येऊ द्या.

ठेचा_भाकर :
हे मातर तुम्ही लाखाचं बोलले भाऊ. गाडी नको म्हणता-म्हणता गाडी घ्यायचा रस्ता दाखवून राहिले.

धरमपेठी :
अजून एक राहिलं. २०१२ ची गाडी म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही. आपल्याच शहराच्या खासदारांचा आवडता विषय आहे म्हणून कोणी काढत नाही का?

रेंच_पाना :
काढा ना. फ्युएल लाइनीचे रबरी पाइप आणि सील जुने असतील तर बदलून घ्यायचे, मोठा खर्च नाही. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल. आठवड्यातून तीनदा धंतोलीला जाणाऱ्याने त्याचं टेन्शन घेऊ नये. समृद्धीवर १२० ने पळवायची असती तर मीच नाही म्हटलं असतं, टायरसाठी आणि ब्रेकसाठीही.

मानेवाडाकर :
ठीक. मी असं ठरवतोय : बेल्ट, कार्पेट आणि फास्टॅग तिन्ही स्वच्छ निघाले तर ७५ हजार बोलणार, ८० च्या वर जाणार नाही. ५५ कामाला, १५ री-रजिस्ट्रेशन आणि अडीनडीला. तिन्हीतलं एकही खटकलं तर परत. @रेंच_पाना, बरोबर आहे का?

रेंच_पाना :
बरोबर. फक्त सगळी कामं एकदम काढू नका. आधी शाफ्ट आणि टायर, मग एसी. क्लच जड आहे पण घसरत नसेल तर दिवाळीपर्यंत थांबतो.

हिशोबी :
१ लाख १० हजारांची गाडी ७५ ला दिली तर माझी शंका वाढेल, कमी होणार नाही. माझं मत कॅबलाच. फार तर महिन्याच्या बोलीवर ओळखीचा ऑटोवाला ठरवा, मानेवाड्यात असे पुष्कळ आहेत.

मानेवाडाकर :
ऑटोचं आईला विचारलं. ती म्हणते हादरे बसतात. रविवारी सकाळी सातला मिस्त्रीला घेऊन जातोय. मास्तरांना आदल्या दिवशी फोन करून सांगू का, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका?

रेंच_पाना :
येतो एवढंच सांगा, सुरू करू नका वगैरे काही बोलू नका. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि सोमवारी न सांगता जा.