साईटवरच्या बदलाला फोनवरचा होकार पुरे का?

ओळंबा: माझं मत सरळ आहे. ड्रॉइंगमधला बदल फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मंजूर होऊच नये, किरकोळ वाटला तरी. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात 17 जुलै 1981 ला दोन लटकते पूल लॉबीतल्या गर्दीवर कोसळले, 114 माणसं गेली. मूळ ड्रॉइंगात छतातून निघालेली अखंड सळई चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन खाली दुसऱ्या मजल्याचा पूल धरत होती. एवढ्या लांबीवर आटे पाडणं आणि ते जपणं कटकटीचं, म्हणून लोखंडकाम बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून दोन तुकडे आले: वरचा पूल छताला टांगलेला, खालचा वरच्या पुलाला. दिसायला फरक नाही. पण वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटवर दोन्ही पुलांचं वजन आलं. फॅब्रिकेटर म्हणाला, फोन करून विचारलं होतं. इंजिनीअर म्हणाले, असा फोनच नाही. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे फॅब्रिकेटरने बनवण्यासाठी काढलेल्या ड्रॉइंगवर, शिक्का मात्र इंजिनीअरचा, आणि लायसन्स त्यांचंच गेलं.

सेंट्रिंगवाला: उदाहरण बरोबर, निष्कर्ष ऑफिसातला. अहो, तो मूळचा जोडही कॅन्सस सिटीच्या नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या साधारण 60 टक्केच होता. तो काय साईटने काढला होता?
आता आमच्याकडे येणारं ड्रॉइंग बघा. 230 मिमी रुंद बीम, खाली 25 मिमीच्या चार सळ्या एका ओळीत. दोन्ही बाजूंना 25 चं कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) आणि सळ्यांभोवतीची 8 ची रिंग धरली की आत 164 मिमी उरतात. सळ्यांनी 100 खाल्ले, तीन फटींना 64. म्हणजे फट 21 ची आणि खडी 20 ची! काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 खडीपेक्षा 5 मिमी जास्त मागतं. उद्या स्लॅब भरायचा, लेबर उभं. फोन नाही करायचा तर काय करायचं?

ओळंबा: करा की फोन. त्यावर काम सुरू करू नका, एवढंच म्हणतोय. एक सळई वरच्या थरात घेतली तरी बीमची उपयोगी खोली (वरच्या कडेपासून खालच्या सळ्यांच्या मध्यापर्यंतची) कमी होते, हे गणित साईटवर कोण करणार?

सेंट्रिंगवाला: कोणीच नाही. ते तुम्ही ड्रॉइंग सोडण्याआधी करायचं होतं.

बिलवाला: दोघंही पैशाचं बोलत नाही. आरसीसी कन्सल्टंटची, म्हणजे बीम-सळ्यांचं डिझाईन करणाऱ्या इंजिनीअरची फी स्क्वेअर फुटावर, साईट व्हिजिट त्यातच धरलेल्या. बिल्डर भाव पाडतो, मग भेट स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, तीही ज्युनिअरची. कॅन्सस सिटीतल्या इंजिनीअरांचंही म्हणणं होतं की साईटवर आमचा माणूस ठेवा असं आम्ही मागितलं, खर्चामुळे नाकारलं गेलं.

ओळंबा: फी कमी म्हणून शिक्का डोळे मिटून मारायचा? हे मला पटत नाही. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन (कितवी सुधारणा), ग्रिड (ड्रॉइंगवरची नेमकी जागा) आणि एक फोटो, एवढं ईमेलने पाठवायला पाच मिनिटं लागतात. जुन्या रिव्हिजनची प्रिंट सेंट्रिंगवर फिरत असते, तीसुद्धा अशाने पकडली जाते.

सेंट्रिंगवाला: पाठवतो. उत्तर किती तासांत येणार, तेही लिहा. नाही आलं तर लेबरचा खाडा कोणाच्या बिलात? एवढं करारात घालून द्या, मी उद्यापासून फोन बंद ठेवतो.

बिलवाला: आणि तो करार बिल्डरपुढे ठेवणार कोण, तुम्ही की ओळंबासाहेब?