कामकरी शेतकरी पक्ष म्हणजे कम्युनिस्टच ना?

खाडीकाठचा: मे महिन्यात गुहागरला घर साफ करताना पणजोबांची ट्रंक उघडली. त्यात गिरणी कामगार युनियनची एक पावती, 1928 ची, कसरीने अर्धी खाल्लेली. आजोबा म्हणायचे की पणजोबा "कामकरी शेतकरी पक्षा"चे होते, कम्युनिस्ट म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. हा पक्ष नक्की काय होता, कुणाला माहीत असेल तर सांगा, गूगलवर सगळं बंगालचंच येतंय.

लालबावटा_दादर: पणजोबाही बरोबर आणि तुम्हीही बरोबर 😀 इंग्रजांनी कम्युनिस्टांवर भरलेल्या कानपूर कटाच्या खटल्यात 1924 ला मुंबईचे पुढारी डांगे वगैरे आत गेले, 1925 ला कम्युनिस्ट पक्ष झाला खरा पण उघड काम करायची सोय नव्हती, मग मुंबईत 1927 च्या सुरुवातीला हा पक्ष काढला, अध्यक्ष धुंडिराज ठेंगडी, सेक्रेटरी मिरजकर, पेपर 'क्रांती'. पक्षातले जोगळेकर, निंबकर तर काँग्रेसमध्येही होते. म्हणजे आत कम्युनिस्ट, बाहेर मोकळं दार. सभासद मूठभर, पण 1928 च्या मुंबईतल्या गिरणी संपात दीड लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यातून लाल बावटा युनियन उभी राहिली. संप एका माणसाने दोनाऐवजी तीन माग चालवायचे या भानगडीवरून पेटला होता.

मालवणचो_झील: पण सहा महिने चूल कशी पेटली, ता कोणीच सांगणा नाय! संप लागलो एप्रिलच्या शेवटाक. पावसात आमच्याकडच्या बोटी बंद, म्हणून माणसां त्याच्या आधीच बोटीन गावाक इली, पेरणी लावणी केली, भात खाल्ला. पुढारी भाषणा देत होते खरे, पण संप टिकलो तो कोकणातल्या भाताच्या पेजेवर, असा माझा मत.

चिपळूणकर_काका: झिला, बरोबर बोललास, पण "शेतकरी" हे नावापुरतंच हो. खोताला, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदाराला, गावात हात लावला तो या पक्षाने नाही. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा संप झाला तो 1933 ला, नारायण नागू पाटलांचा, आणि खोती रद्द करायचं बिल बाबासाहेबांनी 1937 ला आणलं. तोवर हा पक्ष संपलेला. 1928 मध्येच मॉस्कोवरून अशा कामगार-शेतकरी दोन वर्गांच्या पक्षावर नाराजी आली, आणि मार्च 1929 ला इंग्रजांनी कम्युनिस्ट नि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात 31 जण धरले तेव्हा मुंबईची जवळपास सगळी मंडळी उचलली, ठेंगडी तर खटला चालू असतानाच गेले. डांग्यांना 1933 ला बारा वर्षं झाली, अपिलात ती तीनवर आली.

खाडीकाठचा: अरे वा, थँक्यू सगळ्यांना. आता एक गोष्ट जुळतेय, आमच्या आजीकडे त्या वर्षाला "संपाचं साल" म्हणायचे आणि पणजोबा गणपती करूनच मुंबईला गेले असं सांगायची, आम्हाला वाटायचं भक्ती! पावतीचा फोटो उद्या उन्हात काढून टाकतो, शाई फार फिकट झालीय.