कुरळे केस आणि नाशिकचं पाणी : अनुभव धागा

कुरळ्या केसांचा विषय निघाला की गाडी "कुठलं प्रॉडक्ट वापरता?" इथे येऊन थांबते. म्हणून या वेळी मागणी वेगळी आहे. आपली कहाणी नको, कृती लिहा: किती घेता, किती वेळ ठेवता, काय बिघडतं आणि का बिघडतं. आणि घरात पाणी कुठलं येतं ते आधी सांगा. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी यांत एकच शाम्पू दोन निराळ्या शाम्पूंसारखा वागतो. नाव नको, भाग लिहिलात तरी पुरे.

पाथर्डी फाटा, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर

पाण्यापासूनच सुरू करते. खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते तीच केसांवरही बसते. केस धुतल्यावरही राठ लागणं, बट बोटांत धरली की करकर वाजणं, कंडिशनर नुसता वरून घसरून जाणं, ही त्याची लक्षणं.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यातला जडपणा, म्हणजे हे कॅल्शियम-मॅग्नेशियम, किती ते सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे पिण्याला चालणारं पाणी केसांना चालेलच असं नाही. घरगुती परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी, त्यात अंघोळीच्या साध्या साबणाचा चिमूटभर कीस, मग जोरात हलवा. वर फेस आणि खाली पाणी स्वच्छ, तर पाणी मऊ. फेस नाही आणि पाणी दुधासारखं गढूळ, तर जड. ही परीक्षा शाम्पूनं करू नका, शाम्पू जड पाण्यातही फेस देतो.

उपाय म्हणजे महिन्यातून एकदा किंवा दोनदा चिलेटिंग, म्हणजे हे क्षार धरून काढणारा, शाम्पू. घटकांत "टेट्रासोडियम ईडीटीए" किंवा "डायसोडियम ईडीटीए" वरच्या अर्ध्यात दिसला पाहिजे. शेवटून दुसरा असेल तर तो शाम्पू टिकवण्यासाठी घातलेला आहे, तुमच्या केसांसाठी नाही. तीन मिनिटं ठेवून धुवा आणि त्या दिवशी कंडिशनर नेहमीपेक्षा जास्त घ्या. दर आठवड्याला केलंत तर केस कोरडे पडतात. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर बहुतेक करून क्लोरीन कमी करतात, जडपणा नाही. जडपणा काढायला मीठ घालावं लागणारं सॉफ्टनर यंत्र लागतं. ते परवडत नसेल तर शेवटचा एक तांब्या पिण्याच्या आरओ पाण्याचा ओता, फरक तेवढ्यानंही पडतो.

गंगापूर रोड, नळाचं पाणी

मी धुण्याची पद्धत लिहिते. इतकी बारीक का, तर नव्वद टक्के गोंधळ न्हाणीघरातच होतो.

कुरळा केस कोरडा का असतो? टाळूचं तेल सरळ केसावरून खाली ओघळतं, वळणावळणाच्या केसावर ते वरच अडतं. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं वाळलेली, दोन्ही एकाच डोक्यावर. शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त लांबीला, हा नियम तिथून आला.

१. केस पूर्ण भिजवा, निदान दोन मिनिटं. वरवर ओल्या केसांना शाम्पू जास्त लागतो.
२. शाम्पू रुपयाच्या नाण्याएवढा, मगमध्ये थोड्या पाण्यात कालवून बोटांच्या पेरांनी टाळूला. नखं नकोत. केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, गुंता तिथेच होतो. फेस खाली वाहतो तेवढ्यात लांबी धुऊन निघते.
३. खांद्यापर्यंतच्या केसांना मोठ्या लिंबाएवढा कंडिशनर. कानाच्या खालून टोकांपर्यंत. आता, आणि फक्त आताच, मोठ्या दातांचा कंगवा. टोकापासून सुरुवात, मग चार बोटं वर, मग आणखी वर. मुळापासून ओढलात तर सगळा गुंता टोकाला जाऊन एक गाठ होते आणि मग ती कापायचीच पाळी येते.
४. आता वाकून केस पुढे सोडा. ओंजळीत पाणी घेऊन बटा खालून वर दाबा. "चपक् चपक्" असा ओला आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर पाणी कमी किंवा कंडिशनर कमी.
५. धुताना सगळा कंडिशनर काढू नका. बोटांना किंचित बुळबुळीत लागेल इतका राहू द्या. बारीक, विरळ केस असतील तर मात्र पूर्ण काढा, नाहीतर दुपारपर्यंत केस डोक्याला चिकटतात.
६. जेल केसांतून पाणी ठिबकत असतानाच. टॉवेलनं पुसून मग जेल लावणं ही सर्वांत मोठी चूक. तोवर बटा सुट्या होऊन फुगलेल्या असतात आणि जेल फुगलेल्या केसांनाच घट्ट करतं.
७. टर्किश टॉवेल नको. जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा पलंगावर पसरा, केस त्यावर टेकवून बांधा, पंधरा ते वीस मिनिटं. तासभर ठेवलंत तर मुळं चपटी होतात.
८. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हे सांगायला सोपं, पाळायला अवघड.

वाळल्यावर केस कडक, कुरकुरीत लागतात. घाबरू नका, तो जेलचा थर आहे. पूर्ण वाळल्यावरच तळहाताला दोन थेंब तेल चोळून बटा खालून वर चुरगळा. किंचितही ओल असताना चुरगळलं की केस पिंजारलेच म्हणून समजा.

पंचवटी

जवसाचं जेल. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच, सतत ढवळत. सात-आठ मिनिटांत वर पांढरा फेस येतो आणि पाणी दाटायला लागतं. डाव उचलून बघा. थेंब सुटे पडत असतील तर थांबा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी लोंबती तार धरली की त्याच क्षणी गॅस बंद. खरी मेख पुढे आहे. गरम असतानाच गाळायचं, आणि चहाच्या गाळणीतून नाही. स्वच्छ धुतलेला नायलॉनचा मोजा किंवा पातळ मलमल भांड्यावर ताणून घ्या, ओता, चिमट्यानं पिळा. गार झाल्यावर किंवा दोन मिनिटं जास्त उकळल्यावर ते बियांना असं धरून बसतं की जवसासकट फेकावं लागतं.

फ्रिजमध्ये आठवडाभर. आंबूस वास आला किंवा पाण्यासारखं सुटलं की टाका. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर एका धुण्याला दोन खडे काढता येतात. वाळल्यावर पांढरे कण दिसले तर तो कोंडा नसतो, तुमचा कंडिशनर आणि जेल एकमेकांशी जमत नाहीत. तळहातावर दोन्ही थेंबभर कालवून बघा. दह्यासारखं फाटलं तर जोडी बदला.

नाशिक रोड

ग्लिसरीनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण कुठलं पाणी ते हवा ठरवते. पावसाळ्यात हवेतली ओल केसांत ओढून घेतं आणि केस फुगतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून येणाऱ्या कोरड्या थंडीत हवेत ओल नसतेच, तेव्हा ते केसातलंच पाणी बाहेर खेचतं. म्हणून या दोन्ही ऋतूंत ज्या जेलच्या पहिल्या पाच घटकांत ग्लिसरीन आहे ते बाजूला ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत तेच जेल छान चालतं. जेल वाईट नसतं, महिना चुकतो.

म्हसरूळ, आधी बोअर, आता नळ

तेल लावावं की नाही यावर घरोघरी भांडणं आहेत. तेल ओलावा देत नाही, असलेला जपतं. खोबरेल मात्र केसाच्या आत शिरतं. खोबरेल, सूर्यफुलाचं आणि मिनरल तेल यांची तुलना करणारा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात धुताना जाणारं प्रथिन कमी करण्यात खोबरेलच उतरलं. म्हणून धुण्याआधी अर्धा तास ते रात्रभर, दोन चमचे, लांबीला. टाळूला थापायचं नाही. कोंडा असेल तर मुळीच नाही, कारण कोंड्यामागची मॅलेसेझिया ही बुरशी टाळूवरच्या स्निग्धांशावरच जगते. कोंड्याला केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू, आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं, दोन ते चार आठवडे. लांबीला आधीच कंडिशनर लावून ठेवा, तो शाम्पू केस वाळवतो. महिन्यात उतरला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ.

शिकेकाईवाल्यांना एक सूचना: पूड डोक्यावर घालू नका. कुरळ्या केसांत तिचे कण तीन दिवस निघत नाहीत. पाच-सहा रिठे आणि दोन चमचे शिकेकाई रात्री भिजवून सकाळी उकळा, फडक्यातून दोनदा गाळा. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की नानी आठवते.

कॉलेज रोड, सलूनमधून

कापणाऱ्याच्या बाजूनं. ओला कुरळा केस वाळल्यावर दोन ते चार इंच वर चढतो, म्हणून "दोन इंच काढा" म्हणाल तर आधी विचारा, ओल्यातले की सुक्यातले. शक्यतो सुक्यातच, न विंचरता, बट-बट करून कापून घ्या. विरळ करायची दाते असलेली कात्री दिसली तर हात धरा. तिनं मधूनच तुटलेले आखूड केस उभे राहतात आणि सहा महिने फुगतात.

स्मूदनिंगबद्दल रोज विचारतात. रासायनिक स्ट्रेटनिंगमध्ये केसातले डायसल्फाइड बंध मोडून नव्यानं जोडतात. तो भाग परत कुरळा होत नाही, नवीन मूळ मात्र कुरळंच उगवतं. सरळ आणि कुरळा जिथे भेटतात तिथे तुटतो. फॉर्माल्डिहाइड नाही म्हणून सुरक्षित, हेही पूर्ण खरं नाही. त्याऐवजी वापरतात त्या ग्लायॉक्सिलिक अ‍ॅसिडच्या ट्रीटमेंटनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

सातपूर, एमआयडीसीची शिफ्ट

हेल्मेटखाली सुती स्कार्फ नको, घासतो आणि ओल शोषतो. सॅटिनची टोपी, शिवण बाहेरच्या बाजूला. केस ओले असताना हेल्मेट घालू नका. उशीलाही सॅटिन. घरात जुनी रेशमी साडी असेल तर तिचा अभ्रा शिवा, जरीचा काठ मात्र काढून. (येवल्याची पैठणी कापायला कुणी सांगत नाहीये!)

जुनं नाशिक

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारणाऱ्यांसाठी. आदल्या रात्री खोबरेल, सकाळी घट्ट वेणी, टोक आत दुमडून. घरी आल्यावर कोरडा गुलाल असेल तर वाकून झटका, मगच पाणी. भिजलेला गुलाल वळणांत बसतो. पाणी रंगहीन होईपर्यंत नुसतं धुवा, मग कंडिशनर, सर्वांत शेवटी शाम्पू. क्रम उलटा केला तर त्या गुंत्यातून कंगवा फिरत नाही.

सिडको

शाळकरी मुलींच्या दोन वेण्यांसाठी रोज सुके केस विंचरतात, तिथेच निम्मे तुटतात. स्प्रेच्या बाटलीत २०० मिली पाणी, एक चहाचा चमचा कंडिशनर, नीट हलवून. वेणी सोडल्यावर सहा-सात फवारे, हातानंच गुंता सोडवायचा, मग कंगवा. मोठ्यांना दुसऱ्या दिवशी चपट्या झालेल्या बटा उठवायलाही हेच पाणी चालतं, फक्त बोटाभोवती बट गुंडाळून दहा सेकंद धरा. यात टिकवणारं काही नसतं, त्यामुळे तीन दिवसांनी ओतून द्या. बाटलीवर तारीख लिहा, नाहीतर आठवडाभरानं वासावरून कळतं.