सेंट्रल पार्कातला ओबेलिस्क इजिप्तला परत द्यावा का?

भरतवाक्य: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममागे तिसऱ्या थुतमोस या प्राचीन इजिप्शियन राजाचा ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी स्तंभ, उभा आहे. आस्वानचा ग्रॅनाइट, उंची सुमारे २१ मीटर, वजन दोनशे टनांच्या वर. माझ्या मते तो परत जायला हवा. अमेरिकेला दिलेली 'भेट' म्हणे! देणारा इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल कर्जात बुडालेला. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला विकले, पुढच्या वर्षी दिवाळं, जून १८७९ मध्ये गादीच गेली. ओबेलिस्कचा करार त्याच्या आदल्याच महिन्यातला. सावकार दारात बसलेला असताना दिलेली ती भेट का?

खडूस_काका: सावकार ब्रिटिश आणि फ्रेंच होते, अमेरिका नव्हे. उगाच एका पोत्यात सगळे भरू नका.

भरतवाक्य: कबूल. पण रयतेला कुणी विचारलं होतं?

खडूस_काका: थुतमोसने विचारलं होतं का?

शिळाप्रेस : परत म्हणजे नेमकं कुठे? मुळात तो कैरोजवळच्या हेलिओपोलिसचा. ऑगस्टसच्या काळात रोमनांनी अलेक्झांड्रियाला नेला आणि खाली ब्राँझचे खेकडे बसवले. मूळ खेकड्यांपैकी दोन आज त्याच म्युझियममध्ये आहेत. अलेक्झांड्रियातली त्याची जागा आता रामल स्टेशनच्या गजबजाटात आहे.

नटबोल्ट: मला त्या हलवाहलवीचंच जास्त कौतुक. गोरिंज या नौदल अधिकाऱ्याने देसूग नावाची बोट विकत घेतली, तिच्या पुढच्या भागाला भगदाड पाडून तोफगोळ्यांवरून ओबेलिस्क आत सरकवला. १८८० च्या जुलैत न्यूयॉर्क. खरी कसोटी तिथून पुढे! हडसनच्या काठापासून पार्कापर्यंत, वाफेच्या इंजिनाने इंचाइंचाने ओढत, ११२ दिवस. २२ जानेवारी १८८१ ला बर्फात उभा केला. खर्च धनाढ्य व्हँडरबिल्टचा, एक लाख डॉलरच्या वर. त्याच्या जुळ्या भावाचं, लंडनच्या ओबेलिस्कचं, नशीब वाईट. तिकडे जाताना १८७७ मध्ये बिस्केच्या उपसागरात वादळ आलं, सहा खलाशी बुडाले. आता पुन्हा तीच जोखीम घ्यायची?

भरतवाक्य: १८८० ची यंत्रं आणि आजची यंत्रं एक का? अक्सुम या प्राचीन इथिओपियन शहराचा स्तंभ इटलीने २००५ मध्ये विमानाने इथिओपियाला परत केलाच की.

नटबोल्ट: तो मुसोलिनीने उचलून नेला होता, करार वगैरे काही नव्हतं. शिवाय तो तुकड्यांत गेला. हा अखंड आहे, कापणार का?

मेघमल्हार_जर्सी: मी इथलीच. एका बाजूची चित्रलिपी पार झिजली आहे. २०११ मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख झाही हवास यांनी महापौरांना पत्र लिहून बजावलं होतं, नीट सांभाळा, नाहीतर परत घेऊ. त्यानंतर २०१४ मध्ये लेझरने साफसफाई झाली. म्हणजे दम दिल्यावरच हालचाल!

शिळाप्रेस : आणि इजिप्त सरकारने स्वतः २०२० मध्ये तानिस या प्राचीन शहराचा ओबेलिस्क कैरोच्या तहरीर चौकात, गाड्यांच्या धुरात उभा केला. कर्नाकच्या मंदिरातले चार स्फिंक्सही सोबत. तिथल्याच अभ्यासकांनी आक्षेप घेतले होते.

भरतवाक्य: घरचा माल घरात कुठे ठेवायचा ते घरचे ठरवतील, चुकले तरी.

खडूस_काका: मग रोममधले आठ इजिप्शियन ओबेलिस्क कधी परत? त्यांचीही यादी करा.

भरतवाक्य: करतो की. रोमच्या लॅटरन चौकातला पहिला, तोही थुतमोसचाच.