जॅनेटच्या विमानांची वही ठेवणारे हौशी: पटतं का?

रनवेकाठचा
लास वेगासच्या विमानतळावर एका कोपऱ्यात कुंपणाआड स्वतंत्र टर्मिनल आहे. खिडक्यांच्या ओळीवर लाल पट्टा ओढलेली पांढरी बोइंग ७३७-६०० विमानं तिथून कामगारांना नेवाडाच्या वाळवंटात नेतात: ग्रूम लेकचा गुप्त लष्करी तळ, म्हणजे 'एरिया ५१', आणि टोनोपाचं चाचणी क्षेत्र. अंगावर कंपनीचं नाव नाही, तिकीट नाही, जाहीर वेळापत्रक नाही. रेडिओवर हाक 'जॅनेट'.

तरी विमानं न्याहाळणाऱ्या हौशी मंडळींकडे प्रत्येक विमानाची कुंडली तयार. कुठलं बरेच दिवस दिसलं नाही, परत आल्यावर पाठीवर नवा अँटेना आला का, रंग नवा आहे का, सगळं फोटोसकट. यातली बरीचशी विमानं आधी एअर चायनाकडे होती, हेही अनुक्रमांकांवरून निघालं. एरिया ५१ ची स्टाफ बस, चीनमधून सेकंडहँड!

माझ्या मते यात गैर काही नाही. एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, नोंदणी यादी कुणालाही बघता येते, विमान वेगासच्या भर वस्तीवरून उडतं. मात्र टर्मिनलबाहेर लावलेल्या मोटारींचे नंबर टिपणारे डोक्यात जातात. विमान सरकारचं आहे, मोटार त्या माणसाची.

माजी_फौजी
नाही पटलं. एकेक नोंद निरुपद्रवी, मान्य. पण कुठलं विमान हँगरात, कशावर नवं उपग्रह यंत्र, फेऱ्या कधी वाढल्या, हे वर्षभर एका तक्त्यात भरलं की तळावर काम कधी जोरात होतं ते आपोआप कळतं. कुणी फितूर व्हायचीही गरज नाही. लोहगावला उतरताना फोटो काढू नका सांगतात, तेव्हा आपण गुमान मोबाइल खिशात घालतोच ना?

पेठकर
कोण घालतं? आमच्या पुढच्या सीटवरचे गृहस्थ घोषणेचंही शूटिंग करत होते.

बिनपगारी_टेहळ्या
फौजीसाहेब, जानेवारी २००४ आठवा. मायोर्कातल्या पाल्मा विमानतळावर एका हौशी माणसाने 'एन३१३पी' नोंदणीच्या ७३७ चा फोटो काढला. दिसायला कुणा धनिकाचं खाजगी विमान. तेच तिथून मॅसेडोनियातल्या स्कोप्येला गेलं आणि सीआयएने खालेद अल-मसरी या जर्मन नागरिकाला त्यातून अफगाणिस्तानात नेलं. दहशतवादी समजून भलत्याच माणसाला उचललं होतं! २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मॅसेडोनियाला दोषी धरलं. अशा उड्डाणांचा माग पत्रकारांना लागला तो असल्याच फोटोंमुळे आणि नोंदींमुळे. तेव्हाही कुणीतरी 'देशाची सुरक्षा' म्हणालंच असणार.

माजी_फौजी
ते अपहरण होतं. जॅनेटमधून रोजचे नोकरदार जातात आणि घरी परत येतात. दोन्ही एका तराजूत घालू नका.

रनवेकाठचा
त्या नोकरदारांच्या जिवासाठीच म्हणतोय. ७३७-६०० एकूण ६९च बांधली गेली, म्हणजे सुट्या भागांची मारामार असणार. मार्च २००४ मध्ये याच सेवेचं छोटं 'बीच १९००' विमान टोनोपाजवळ पडून पाच जण गेले. बाहेरच्याची नजर असलेली बरी.

हँगरमधला
दोघांचंही जरा जास्तच होतंय. भागांची मारामार वगैरे काही नाही. इंजिन सीएफएम५६-७बी, ७३७-७०० आणि ७३७-८०० लाही तेच. बाकीही बरंच सामायिक आहे. विमान दोन-तीन आठवडे दिसलं नाही की लोक 'सी चेक', म्हणजे मोठी देखभाल तपासणी, असं ठोकून देतात. ते रंगकामाला गेलं असेल, नुसतं उभंही असेल. कुंपणाबाहेरून दिसतो तो रंग, अँटेना आणि नोंदणी क्रमांक. देखभाल लॉगबुकात असते. तिथे कुणाची दुर्बीण पोचत नाही.

आणि त्या अपघाताचा अहवाल वाचा. वैमानिकाचं हृदय उड्डाणात बंद पडलं, त्याने रक्तदाबाचा आजार लपवला होता. तो कुठल्या फोटोत पकडणार होतात?

माजी_फौजी
बघा! म्हणजे लोकांना फायदा शून्य, पाळत मात्र पुरेपूर. बंदीच घाला.

बिनपगारी_टेहळ्या
ग्रीसने करून बघितलं. २००१ मध्ये कालामाताला ब्रिटिश आणि डच मिळून चौदा विमानहौशींना हेरगिरीच्या आरोपाखाली धरलं, २००२ मध्ये शिक्षा ठोठावल्या आणि त्याच वर्षी अपिलात सगळे सुटले. तुमच्या बंदीत नेमकं काय धरायचं, वही की दुर्बीण?

माजी_फौजी
तक्ता. वही घरी ठेवा, हवी तेवढी भरा.